काम काढायच्या आधी एक तुकडा सोडा: वनहक्काच्या ग्रामसभांना खुलं पत्र

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या बाजूच्या ज्या ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क भेटला आहे आणि ज्यांच्या वनव्यवस्थापन समित्या आता खरोखर जंगलात काम करून राहिल्या आहेत, त्या सगळ्या दादा-वहिनींना, मावशी-काकांना सेवा जोहार.

सरळ मुद्द्यावर येते. या वर्षी जंगलात तुम्ही जे काही काम काढाल, रोपवन असो, रायमुनिया (लँटाना) काढणं असो, जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) असो की बांबूची कटाई, त्याच्या बाजूलाच तशाच जमिनीचा एक तुकडा अजिबात हात न लावता सोडून द्या, आणि मग काम केलेला तुकडा आणि सोडलेला तुकडा अशा दोन्ही ठिकाणी दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच खुणेच्या दगडापाशी जाऊन काय उगवलं, काय गेलं, काय वाढलं ते वहीत लिहून ठेवा. एवढंच मागणं आहे. पण ते मला एवढं गरजेचं का वाटते ते नीट सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून पत्र लांबणार आहे, सांभाळून घ्या.

2006 च्या वनहक्क कायद्यानं आपल्याला जंगल राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क दिला, 2012 मध्ये नियमात दुरुस्ती झाली त्यात समितीनं व्यवस्थापनाचा आराखडा करायचा हे आलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये हक्क भेटला आणि 2011 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः दिले हे तर आपल्याकडं पोराटोरांना माहीत आहे. म्हणजे जंगल कसं ठेवायचं हे आता आपण ठरवतो. मग आपण जे ठरवलं त्यानं जंगलाचं काय झालं हे पण आपल्यालाच पाहावं लागेल नं, ते दुसरं कोण पाहणार.

आता आराखडे कसे बनले ते आठवा. बहुतेक गावात फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजणी झाली, कारण तेव्हा शेतीचं काम कमी असते, जंगलात चालायला सोपं जाते, पानं गळून गेलेली असतात म्हणून लांबपर्यंत दिसते. झाडं मोजली, छातीएवढ्या उंचीवर म्हणजे 1.37 मीटरवर टेप लावून गोलाई घेतली, बांबूच्या रांज्या (बेटं) मोजल्या, तक्ता भरला, झालं. चूक काही नाही त्यात, झाडं मोजायलाच पाहिजेत. पण त्या महिन्यात जमिनीवर काय राहते, वाळला पाचोळा आणि जळकं गवत. तिखूर तेव्हा जमिनीखाली असते, सफेद मुसळी जमिनीखाली, काळी मुसळी जमिनीखाली, कळलावीचा वेल सुकून गेलेला. पहिल्या पावसात तिखुराचं फूल जमिनीतून वर येते, ऑगस्टमध्ये कळलावी फुलते, गवत तर ऑक्टोबरपर्यंत तुऱ्यावर आल्याशिवाय कोणतं कोणतं ते ओळखूच येत नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या तक्त्यात जंगल म्हणजे निसतीच खोडं. आपल्या बाया वर्षभर ज्या गोष्टी जंगलातून आणतात, कुड्याची फुलं, वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (अळंब्या), कंद, झाडूचं गवत, त्यातलं बरंचसं त्या तक्त्यात येतच नाही.

आमच्या गावचं सांगते. आम्ही दोन तुकडे धरले, दोन्ही एकाच उतारावर, एकाच मुरमाड जमिनीवर, मध्ये फक्त एक पायवाट. एका तुकड्याभोवती जाळरेषा काढून आग येऊ दिली नाही आणि तिथं गुरं नेऊ नये असा ठराव केला. दुसऱ्यात जे आधीपासून चालू होतं ते चालू राहिलं. बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट बांधली, ती दोन्ही तुकड्यात ठरलेल्या दगडांपाशी ठेवायची आणि आत जे जे हिरवं दिसते ते लिहायचं, मग भले ते नखाएवढं असो.

पहिल्या पावसाळ्यात त्या चौकटीत वाकून बसलो तेव्हा एक बारकं रोप दिसलं, वीतभरही नाही, तीन-चार पानं, गोल टोकाची. पोरं म्हणाली हे या वर्षीचं आहे, बी पडून उगवलं. आमच्या समितीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी बोटानं बाजूची माती जरा सारली आणि आतलं मूळ दाखवलं. मूळ गाजरासारखं जाड. वर एवढीशी काडी आणि खाली एवढं मूळ. तो बिजा (बिवळा) होता आणि तो त्या वर्षीचा नव्हताच. बिजा, येन (ऐन), तेंदू, साग यांचं रोपटं असं करते की उन्हाळ्यात किंवा आगीत वरची काडी जळून-सुकून जाते पण मूळ जिवंत राहते, पुढच्या पावसात परत काडी फेकते, परत जळते, असं कितीतरी वर्ष चालते आणि दर वर्षी खालचं मूळ जाड होत जाते. मग एखाद-दोन वर्ष आग आली नाही, गुरांनी शेंडा खाल्ला नाही, की तेच रोप सरळ वर निघते. मावशींनी माती परत लोटून दाबली आणि म्हणाल्या, "हे वाट पाहून राहिलं बाई."

असे वाट पाहणारे किती आहेत हे माहीत नसताना आपण "इथं काहीच नाही, मोकळी जागा आहे" असं म्हणून खड्डे खोदतो. हे मला सगळ्यात जास्त लागते. आमच्याच बाजूच्या एका जागेवर रोपवन झालं, कोणत्या योजनेत, कोणी केलं ते मी लिहीत नाही, मुद्दा तो नाही. आधी "सफाई" झाली म्हणजे झुडपं काढली, खुंट काढले, मग ओळीत खड्डे, मग नर्सरीतली रोपं. वर्षाच्या शेवटी रोपं किती जगली त्याची टक्केवारी काढली. पण खड्डे खोदताना किती बिजा आणि किती येन मुळासकट गेले त्याचा आकडा कोणत्याच कागदावर नाही, कारण सफाईच्या आधी कोणी खाली वाकून पाहिलंच नव्हतं. राज्यात 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी, 2019 मध्ये 33 कोटी झाडं लावायचं ठरलं होतं, मोठमोठे आकडे आपण ऐकले. मी झाडं लावायच्या विरोधात नाही. जिथं मुरूम उघडा पडला आहे, मुळं पण मेली आहेत, तिथं लावाच. पण आधी एक पावसाळा चौकट ठेवून पाहा की जमिनीत काय आहे, आणि लावलंच तर शेजारी तेवढाच तुकडा काही न लावता नुसता राखा. पाच वर्षांनी दोन्हीकडं झाडं मोजा. तेव्हा खरं काय ते समोर येईल, माझ्याही बोलण्यावर भरवसा ठेवायची गरज पडणार नाही.

आमच्या राखलेल्या तुकड्यात बदल कसा आला ते सांगते कारण तो एका सरळ रेषेत आला नाही. आधी गवत आलं, कमरेएवढं, इतकं की पोरं म्हणाली आता आग लागली तर हेच आधी जळणार, आणि ती भीती खरीच होती, म्हणून जाळरेषा दर हिवाळ्यात परत साफ करावी लागली. तरोटा जो गुरांच्या वाटेवर सगळीकडं असते तो या तुकड्यात कमी होत गेला. मग धायटी, मुरडशेंग, कुडा अशी झुडपं वाढली. त्यांच्या आडून ते जुन्या मुळाचे येन आणि धावडे वर आले, काही तर आता माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. आणि जशी सावली वाढली तसं तेच कमरेएवढं गवत परत विरळ व्हायला लागलं. कुसळ तर सावलीत जवळजवळ दिसेनासं झालं. म्हणजे ज्या घराला गुरांसाठी गवत पाहिजे त्याच्यासाठी हा तुकडा आता कमी कामाचा आणि ज्याला उद्या लाकूड-फाटा, फळं पाहिजे त्याच्यासाठी जास्त कामाचा. यावर ग्रामसभेत चांगलाच वाद झाला, होऊ द्या, पण तो वाद वहीतल्या नोंदी समोर ठेवून झाला, एकमेकांचा आवाज मोजून नाही झाला.

दुसऱ्या तुकड्यात, जिथं आग आणि गुरं चालू होती, तिथं चौकटीत रोपं जवळपास तितकीच होती. फक्त ती वीतभरच राहिली. दर वर्षी तीच वीतभर. जर आम्ही नुसती रोपं मोजली असती आणि उंची लिहिली नसती तर दोन्ही तुकडे सारखेच दिसले असते! म्हणून उंची लिहाच.

रायमुनियाचं वेगळं सांगावं लागेल. हे झुडूप मुळात बाहेर देशातलं, इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आणलेलं, आता नाल्याकाठी, वाटेकाठी, जिथं जिथं ऊन पडते तिथं भरलं आहे. राखलेल्या तुकड्यातही नाल्याच्या बाजूनं घुसलं, म्हणजे नुसतं राखलं की सगळं चांगलंच होते असं नाही, हे पण लिहून ठेवलं पाहिजे. आम्ही एका भागात नुसतं वरून कापलं, एका भागात जमिनीच्या जरा खाली, जिथून फुटवे निघतात त्याच्या खालून मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं करून ठेवलं, आणि एक भाग तसाच सोडला. वरून कापलेलं पुढच्या पावसात आधीपेक्षा दाट फुटलं, मजुरी वाया गेली. मूळ तोडलेलं परत फुटलं नाही, पण पक्षी जिथं बसतात त्या झाडांखाली बियांपासून नवी रोपं गालिचा टाकल्यावाणी आली, ती लहान असतानाच हातानं उपटावी लागली, आणि ते काम लागोपाठ दोन-तीन पावसाळे करावं लागते. एकदा काढून फोटो काढून बिल लावून मोकळं होण्याचं हे काम नाही. आणि सोडलेल्या भागात एक गोष्ट दिसली जिचा विचार कोणीच केला नव्हता, रायमुनियाच्या काट्यांमध्ये काही तेंदूची आणि येनाची रोपं गुरांपासून वाचून चांगली उंच झाली होती. म्हणून आता काढताना आम्ही आत हात घालून आधी पाहतो, असं रोप दिसलं की त्याला फडकं बांधतो, मग बाजूचं काढतो. सोडलेला भाग नसता तर हे कधी कळलंच नसतं.

बिडीच्या पानाच्या तेंदूवर बोलायला मी जरा घाबरते कारण मे महिन्यात कितीतरी घरांचा वर्षाचा पैसा त्याच्यावर आहे, माझ्या घरचा पण. तरी बोलते. हंगामाच्या आधी खुटकटाई होते, झुडपं जमिनीलगत कापतात, कुठं कुठं आग लावतात, कारण मग मुळातून मोठी, कोवळी पानं येतात. तेंदू मुळातून फुटण्यात पक्का आहे म्हणून पानं भेटत राहतात. पण दर वर्षी कापला तर तो झुडूपच राहते, झाड होत नाही, आणि झाड झालं नाही तर टेंभरं म्हणजे तेंदूची फळं नाहीत, आपल्यालाही नाहीत आणि अस्वलालाही नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगाव ग्रामसभेनं तर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं आणि बांबूवर आपली कमाई उभी केली. सगळ्या गावांना ते जमणार नाही, सगळीकडं तेवढा बांबू नाही. पण प्रत्येक फळीच्या (पानं गोळा करायच्या केंद्राच्या) हद्दीत एक तुकडा असा ठेवता येते जिथं खुटकटाई नाही, आग नाही, आणि दर वर्षी तिथली पानं कशी आहेत, किती झुडपं झाडं होऊन राहिली, कधी पहिलं टेंभरू लागलं हे पाहता येते. आग न लावता नुसत्या कापणीवर पान कसं येते हे पण बाजूला पाहून घ्या, ठेकेदार काय म्हणते त्यावर का जायचं.

मोहाचं दुःख याहून मोठं आहे. जाऊन पाहा, आपल्या जंगलात जुने मोठे मोह आहेत, पण मनगटाएवढा, मांडीएवढा मोह किती आहे? आमच्याकडं शोधावा लागते. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली पाला जाळतो, फुलं आपण नेतो, टोळ म्हणजे मोहाचं बी पण तेलासाठी नेतो, जे बी राहून उगवते ते पुढच्या मार्चच्या आगीत जाते. म्हातारे मोह पडले की पुढं काय, याचं उत्तर आज लिहायला सुरुवात केली तरच दहा वर्षांनी आपल्याकडं असेल. काही गावं झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलून राहिली आहेत, फूल पण स्वच्छ भेटते, जाळायची गरज पडत नाही. दोन मोहाखाली जाळी, दोन मोहाखाली नेहमीसारखं, आणि चारही झाडांखाली पावसाळ्यात रोपं मोजा.

बांबूबद्दल जास्त नाही सांगत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. त्या सालचा कोवळा कापायचा नाही, रांजी मधून पोखरायची नाही, पावसाळ्यात कापायचं नाही. फक्त काही रांज्यांना रंगाचा पट्टा मारून नंबर द्या आणि दर वर्षी नवीन किती निघाले ते लिहा. आणि कुठं फुलोरा दिसला तर तारीख, जागा नक्की लिहा. आपल्या बांबूला कित्येक दशकांनी एकदाच मोठा फुलोरा येते आणि मग रांजी मरते, त्याच्या बियांपासून नवीन उगवते, तेव्हा तिथं आग आणि गुरं गेली तर पुढच्या पिढीचा बांबू गेला समजा.

नोंदीची रीत अवघड नाही. 50 बाय 50 मीटरचा तुकडा म्हणजे पाव हेक्टर, शेकडो हेक्टर जंगलात तो सोडला म्हणून कोणाचं चुलाण बंद पडत नाही. त्याच्या चार कोपऱ्यांना मोठे दगड गाडा, दगडाला ऑइल पेंट मारा. मोबाईलचं जीपीएस घ्या पण दाट झाडीत ते दहा-वीस पावलं इकडं तिकडं दाखवते, दगडच खरा. आत 10 बाय 10 मीटरची दोरी लावून झाडं, गोलाईसकट, 5 बाय 5 मध्ये झुडपं, आणि एक मीटरच्या चौकटीत गवत, रोपं, वेल, कंद. वर्षातून दोनदा तरी जा, एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि एकदा मार्चमध्ये. एकाच दगडावर उभं राहून, एकाच दिशेनं फोटो काढा, आणि फोटो एकाच फोनमध्ये ठेवू नका, फोन नदीत पडते. पाऊस कसा झाला, आग कधी आली, कोणी काय कापलं तेही लिहा. कारण एखाद्या वर्षी पाऊस उशिरा आला की गवत कमी येते, त्यावरून लगेच "जंगल बिघडलं" म्हणू नका, दोन-तीन पावसाळे तरी सारखा बदल दिसला तर बोला.

नावं सांगायला आपल्या म्हाताऱ्या बायांना न्याच. माडियात, गोंडीत, छत्तीसगडीत, झाडीबोलीत जे नाव त्या सांगतील तेच लिहा, पुस्तकातलं नाव नंतर जोडता येते. ओळखलं नाही तर अंदाजानं नाव लिहू नका, फांदी पेपरात दाबून ठेवा आणि वर चौकटीचा नंबर लिहा. बाहेरून आलेल्या भाऊ-ताईंनी मदत केली तर चांगलंच आहे, पण वही गावातच राहिली पाहिजे. जैवविविधता कायद्याखाली पंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते, बऱ्याच ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली, या नोंदी तिच्यात दर वर्षी जोडत गेलं तर ती वही जिवंत होईल.

वनविभागातल्या साहेबांना पण यातच एक विनंती करते कारण हे पत्र त्यांच्यापर्यंत जाईलच. तुमच्याकडं प्रत्येक कक्षाचा (जंगलाच्या नंबर दिलेल्या भागाचा) जुना इतिहास असते, कोणत्या साली कूप (कटाईचा पट्टा) कापला, कुठं साग लावला, कधी विरळणी झाली, जुन्या कार्य आयोजनांमध्ये (वनविभागाच्या कामाच्या आराखड्यांमध्ये) ते सगळं आहे. आमच्या हद्दीतल्या कक्षांची ती पानं ग्रामसभेला द्या. आज आम्हाला एखाद्या उतारावर सगळे सागच का दिसतात, बिजा का नाही, हे त्या कागदावरून कळू शकते, आणि आमच्या चौकटीतलं तुम्हाला उपयोगी पडेल. आमचे वनरक्षक दादा स्वतःहून आमच्यासोबत दोरी धरायला आले होते, त्यांना ही माहिती पाहिजेच आहे.

तुकड्यात कोणी कुऱ्हाड मारली तर काय, असं मला विचारतात. तर ते पण लिहा, कोणता खुंट, कोणत्या महिन्यात, आणि भांडण ग्रामसभेत मिटवा, तुकडा मोडून दुसरीकडं नेऊ नका. जागा बदलली की आधीची सगळी वर्षं वाया जातात.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा येऊन राहिली आहे. तेव्हा तुकडा कुठला, त्याची चतुःसीमा, त्यात काय काय करायचं नाही, वही कोणाकडं राहील आणि ती व्यक्ती बाहेर गेली तर कोणाकडं जाईल, एवढा ठराव लिहून त्यावर सह्या घ्या, बायांच्या सह्या जास्त असू द्या. गवत त्या वेळी तुऱ्यावर असते, म्हणून ठराव झाल्यावर त्याच आठवड्यात पहिली चौकट लावून घ्या, नंतर गुरं शिरली की तुरे उरणार नाहीत. कोणाला आमच्या तुकड्यात येऊन दोरी कशी लावतो ते पाहायचं असेल तर या, जेवायला राहा, चौकटी आमच्याकडं जास्तीच्या बांधून ठेवल्या आहेत, एक घेऊन जा.

तुमची,
गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेच्या वनव्यवस्थापन समितीची सदस्य